खंडेनवमीचा हिरवा दिवा

२४ ऑगस्ट, रवि. नगर
ओवीला शाळेतून 'माझे बाबा' या विषयावर पाच ओळी लिहून आणायला सांगितल्यात. चार लिहिल्या आणि अडली. "आई, बाबांचा आवाज कसा होता?" म्हटलं, छान होता. "छान म्हणजे? जाड की बारीक?" मला सांगता येईना. उगाच ओरडले तिच्यावर.

खरं म्हणजे आठवतच नाही. चालणं आठवतं, शिंक आठवते, भात कालवायची पद्धत आठवते. आवाज गेला. बायको होते की कोण होते!

प्र.चा मोबाईल मनमाड रोडवर त्याच्याबरोबरच चुरला. उसाची ट्रॉली, मागं साधा लाल दिवा नाही. आता आवाज असला तर देवळाली प्रवराला (दे.प्र.), सासरच्या घरात माडीवर, त्याच्या त्या डब्यात, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये. ओवी पोटात असताना, मुलगीच होणार म्हणून नावही आधीच ठरवून, दारं लावून तिच्याशी बोलत बसायचा आणि रेकॉर्ड करायचा. मला ऐकू द्यायचा नाही. "तुझ्यासाठी न्हाई, तिच्यासाठी हाय." तो गेला तसा डबा बंद. मी त्या खोलीत परत पाय ठेवलेला नाही.

२६ ऑगस्ट, मंगळ.
सोपानभावजींना फोन केला. पुणतांब्याचे, प्र.चे कॉलेजपासूनचे मित्र. त्यांच्याकडून सगळं नीट समजून घेतलं. तिघा मित्रांचं जाळं: देवळाली, पुणतांबा, पुणे. प्रत्येकाच्या घरी एक मशीन, त्याला हे 'डबा' म्हणायचे. कुठलीही फाईल तुकडे करून तिन्ही घरी वाटायची. एक डबा मेला तरी उरलेल्या दोघांचे तुकडे जुळवून फाईल उभी राहते. पुण्याचा मित्र कॅनडाला गेला, जाताना डबा पुसून विकून टाकला. म्हणजे पुणतांबा आणि देवळाली, दोन्ही पाहिजेतच.

"मी करतो वहिनी सगळं," म्हणाले. मग हळू आवाजात, "एक इचारू? राग नका मानू. देवळालीचा डबा मधी मधी कोन लावतं?"
कोणी नाही म्हटलं. खोलीला कुलूप आहे.
"मंग त्यो जागा कसा व्हतो?"

वर्षातून एकदा. भर दुपारी, थोडा वेळ. त्यांच्या पडद्यावर प्र.च्या नावापुढचा दिवा हिरवा होतो आणि विझतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा खुर्ची सोडून बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते. तारीख दर वर्षी निराळी, म्हणून आधी वाटलं मशीनमधलाच काही बिघाड. मग त्यांच्या मंडळींनी जुनी कॅलेंडरं काढली. प्रत्येक वेळी खंडेनवमी.

मी आठवीला विज्ञान शिकवते. भूतबित काही नसतं हे वर्गात ठणकावून सांगते. फोन ठेवला आणि आधी सगळ्या खोल्यांतले दिवे लावले.

३० ऑगस्ट, शनि.
झोप नीट नाही. मनातल्या मनात हिशेब लावतेय: वायरिंग, इन्व्हर्टर, उंदीर. उंदराला खंडेनवमी कशी कळेल? प्र.ला कळायची. त्याच्या रिपेअरिंगच्या दुकानातले पाने-पक्कड मांडून पूजा करायचा, मग बाईकला हार घालून चक्कर मारायचा.
वाईट हे की मला भीतीपेक्षा आशाच जास्त वाटली. कुणाला सांगायची सोय नाही.

६ सप्टें., शनि. दे.प्र.
अनंत चतुर्दशीची सुट्टी, ओवीला घेऊन आले. गणपती बोळवून झाल्यावर सासूबाईंकडे माडीची किल्ली मागितली. "आता कशाला?" म्हणाल्या, पण कमरेची काढून दिली.

जाळी-जळमटं असतील म्हणून केरसुणी घेऊन गेले. खोली लख्ख. डब्यावर पुसून पुसून गुळगुळीत झालेला हळदी-कुंकवाचा डाग, खाली सुकलेल्या झेंडूचा चुरा. मी तिथंच जिन्यात बसले.

आई मागून आल्या. काही लपवत नव्हत्या, मीच कधी विचारलं नव्हतं.
"खंडेनवमीला टॅक्टर पुजितो, मोटार पुजितो, कोयता-खुरपं पुजितो. माज्या लेकाची मशीन तेवढी उपाशी ठिवायची व्हय?"
"पण चालू का करता?"
"पुजल्याली मशीन चालू करून बगावी लागती. त्योच करायचा. बटन दाबलं की हिरवा दिवा लागतो, आतून घरघर येती. लई बरं वाटतं. वाटतं बसलाय काम करत. मंग बंद करती. लाईटबिल येतं ना."

हसू आलं आणि रडूही. भुताला लाईटबिलाची काळजी! भावजींना फोनवर सांगितलं तर तेही सुटल्यासारखं हसले. मग हसणं एकदम थांबलं. "इंटरनेटची तार काढल्याली हाय का तशीच हाय?" तशीच आहे. खाली आईंच्या टीव्हीला लागतं म्हणून कनेक्शन चालू ठेवलेलं. "काढा. आत्ताच्या आत्ता काढा."

७ सप्टें., रवि.
भावजी सकाळीच मोटारसायकलवर आले. आईंनी केलेला चहा ओट्यावर गार झाला.
जाळ्याचा एक नियम आहे. जो डबा फार दिवस गायब राहिला तो मेला असं धरायचं. तो उठून परत आला तर त्याच्याजवळचं शिळं समजायचं, आधी रिकामा करायला लावायचं, मगच घरात घ्यायचं. म्हणजे आईंनी दरवेळी बटण दाबलं की देवळालीचा डबा जागा होऊन "मी आलो" म्हणायचा, आणि पुणतांब्याचा डबा सांगायचा, आलास ना, आता आहे ते टाकून दे. हा निमूट टाकायला लागायचा. आईंनी बंद करेपर्यंत.

"कुणी लिहिला असला नियम?" मी जवळजवळ किंचाळलेच.
"परसादनंच," भावजी म्हणाले. "आन हुकूम माज्या डब्यानं दिला. मी तिकडं दिवा बघून घाबरत बसलो. तार तोडायची अक्कल नाही आली."

पूजा केली आणि पुसला. पूजेपायी पुसला. आणि बिलाच्या धास्तीनं लगेच बंद केला म्हणून थोडाफार वाचला. कुणावर चिडू?
निघताना भावजी हळूच म्हणाले, "आईला न्हाई सांगायचं, वहिनी."

१४ सप्टें., रवि. दे.प्र.
आधी डिस्कची हुबेहूब नक्कल. मूळ डिस्क कापडात बांधून कपाटात. भावजींनी आपल्या डब्यातला नियम बंद केला, देवळालीला 'जिवंत' असं लिहिलं. एवढंच करायचं होतं, एका शब्दाचं काम. तो शब्द त्यांनी तीनदा वाचून पाहिला.
पाऊस. लाईट जा-ये करतेय. आई दर थोड्या वेळानं विचारतात, "सापडलं का त्याचं काई?" मी म्हणते, बघतोय. त्यांच्या डोळ्याला डोळा देत नाही.

२१ सप्टें., रवि. दे.प्र.
सर्वपित्री. आईंनी पत्र्यावर घास ठेवला, कावळा झडप घालून घेऊन गेला. "घाईतच असायचा मेला," आई म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर भावजींनी तार जोडली. देवळाली हिरवा, पुणतांबा हिरवा. 'ओवीसाठी' फोल्डर उघडला. बहुतेक फाईली नुसती नावं, आत शून्य. एक अर्धीमुर्धी उभी राहिली. लावली.

"ओवी, ऐक. बाबा बोलतोय. तर गोष्ट अशी हाय की..."
बारीक. बारीक आवाज होता, थोडा नाकातला. मी इतकी वर्षं मनात कुणाचा जाड आवाज धरून बसले होते कुणास ठाऊक.
मग खालून, लांबून, आई: "परसादऽ, भाकर गार व्हती!"
"आलो गं!" खुर्ची सरकली. स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, "चालूच राहू दे. आलोच."
जिन्यावर पावलं. मग नुसता पंखा. मग फाईल तुटते.

पावलं वाजली तेव्हा आम्ही तिघांनी जिन्याकडे बघितलं. ओवीनं सुद्धा. आई म्हणाल्या, "मीच हाक मारली. बोलू द्यायला पायजे हुतं त्याला."
मला तेव्हा सांगता आलं असतं सगळं. नाही सांगितलं.

२५ सप्टें., गुरु. नगर
ओवीनं पाचवी ओळ लिहिली: बाबांचा आवाज बारीक आहे. बाई म्हणाल्या म्हणे, आता काय उपयोग, वही तपासून झाली. 'आहे' तसंच ठेवलंय, मी दुरुस्त केलं नाही.
भावजींचा फोन. पुसलेल्याचा ठसा डिस्कवर खाली राहतो म्हणतात, वर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर. देवळालीच्या डब्यातच नकलेवर शोध लावून ठेवलाय, फार सावकाश चाललाय. पंख्यानंतर काय आहे, तो जेवून परत आला का, गोष्ट सांगितली का. भरवसा देत नाहीत.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी. दे.प्र.
रजा टाकून आले. आईंनी ट्रॅक्टर, मोटार, खुरपी उरकली आणि ताट घेऊन माडीवर चढल्या. ओवीनं झेंडूचा हार धरलेला. शोध चालूच आहे, दिवा हिरवा, घरघर. पाणी शिंपडू नका एवढंच म्हटलं. कुंकू डागावरच लावलं.

हात जोडून झाल्यावर, माझ्याकडे न बघता: "सुजाता, म्या दर साली लावीत हुते, त्यानं काई बिघाडलं तर न्हाई ना? सोपान त्या दिशी चहा न पिता गेला."
मी म्हटलं, नाही. तुम्ही हात लावत राहिलात म्हणून राहिलं एवढं. अर्धं तरी खरं आहे, लगेच बंद करायच्या म्हणूनच वाचलं. त्यांना काय कळायचं ते कळलं असेल.

त्यांनी ताट ओवीकडे दिलं. मग सवयीनं हात बटणाकडे गेला. मी ओरडणार, तोच त्यांनी स्वतःच मागं घेतला.
"ऱ्हाऊ दे चालू," म्हणाल्या. "आलोच म्हनलाय."
कुलूप तसंच हातात घेऊन खाली उतरल्या.