काट्याखालची हळद

अण्णा,

तुमचा दाढीचा ब्रश अजून माझ्याकडे आहे. केस निम्मे झडले, मूठ दोऱ्याने आवळून बांधली, पण टाकलेला नाही. आज दुपारी तो स्पिरिटमध्ये बुडवून स्वच्छ केला, मागच्या पडवीत उन्हाला ठेवला आणि वाटलं, तुम्हाला सगळं लिहून सांगावं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या दुकानात ट्रान्झिस्टर नि टेपरेकॉर्डर होते. आता तुमचा नातू बाजारपेठेत मोबाइल, लॅपटॉप आणि वजनकाटे दुरुस्त करतो. काट्यांचा सरकारी परवाना आहे त्याच्याकडे. दुरुस्ती त्याची, पुसापुशी माझी. सकाळची पूजा आटोपली, कुकर उतरला, की त्याने पाठवलेली पिशवी मी पडवीत उघडून बसते. मॅट्रिक झालेल्या बाईने या वयात एवढं केलं तर एका माणसाचा पगार वाचतो, असं मी म्हणते. हे म्हणतात, तुला घाणीची हौस आहे.

हौस नाही, पण लोक वस्तू वापरतात कशा हे तुम्ही बघायला हवं होतं. रिमोटच्या बटणांत वरणभात. लॅपटॉपमध्ये मुंग्या, कारण पोरगं त्याच्यावर बिस्किटं खात शिकतं. टीव्हीच्या डब्यात पालीची अंडी. होडीवरचे फोन तर खाऱ्या पाण्यातून काढून थेट तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलेले असतात. त्यांना कुणीतरी सांगितलंय की तांदूळ पाणी शोषतो. पाणी शोषत असेल, मीठ कुठे शोषतो? मी तुमच्यासारखंच आधी गोड्या पाण्याने धुते, मग स्पिरिट, मग ऊन. परवा एकीला विचारलं, "फोन काढल्यावर त्या तांदळाचं काय केलंत?" ती म्हणाली, "काय करनार, पेज केली." मीही ते टाकले नसते. आणि प्रत्येकाचं सांगणं एकच, आपोआप बंद पडला. पाण्यात पडला होता का विचारलं तर, छे, पाण्याजवळसुद्धा गेला नाही. हे सांगत असतानाच फोनमधून थेंब गळत असतो. मला राग येतो, अण्णा. पै पै जोडून घेतलेली वस्तू, तिला महिन्यातून एकदा कोरडं फडकं दाखवायला काय जातं? मग तुमची आठवण येते. कसं बिघडलं हे तुम्ही गिऱ्हाइकाला कधीच विचारलं नाहीत. "वस्तू सांगते ना, मग त्याला कशाला बोलायला लावायचं," असं म्हणायचात.

पावसाळ्यात आपल्या बोळातल्या दुकानाला ओल यायची, म्हणून तुम्ही भिजलेले सेट घरी आणायचात. अजून दिसतं मला. चुलीमागच्या फळीवर रेडिओ ओळीने मांडलेले आहेत, आई फुंकणी हातात घेऊन तुमच्याकडे बघते आहे. "ह्या चुलीवर भात शिजवायचा की लोकांचे रेडिओ?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "रेडिओ शिजला की भाताचे तांदूळ येतात." मी उंबऱ्यावर बसून मागची झाकणं उघडते आहे. आमच्या शाळेच्या मास्तरांचा रेडिओ मीच उघडला होता. आत उंदरांनी पिल्लं घातली होती, आणि गादी केली होती ती आमच्याच सहामाहीच्या पेपरांची. एका कपट्यावर माझ्या मैत्रिणीचं अक्षर होतं. मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी मी ते तिला सांगितलं, तिने वर्गाला सांगितलं. मास्तर फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून कुणीतरी चूं करायचं. त्याच आठवड्यात मास्तर दुकानात आले, अर्धा उघडलेला रेडिओ तसाच पंच्यात बांधून घेऊन गेले. कारण तुम्हाला दुसऱ्याकडून कळलं.

त्या संध्याकाळी तुम्ही मला मारलं नाहीत, ओरडला नाहीत. जेवण झालं, आई भांडी घेऊन विहिरीवर गेली, तेव्हा म्हणालात, "बाय, माणूस बिघडलेली वस्तू आपल्याकडे देतो म्हणजे घराचं मागचं दार उघडून देतो. आपण आत जायचं, झाडायचं, नि दार ओढून घ्यायचं. आतली घाण त्याची. ती कुणाला सांगायची की नाही ते तो ठरवील." मग तुम्ही मास्तरांच्या घरी जाऊन, त्यांच्या ओटीवर बसून रेडिओ नीट करून दिलात. पैसे घेतलेत की नाही, मला माहीत नाही. घेतले असावेत. न घेणं म्हणजे त्यांना आणखी लाजवणं झालं असतं, हे मला आता कळतं. मला वाटलं होतं, तुम्ही मला पुन्हा सेटला हात लावू देणार नाही. तुम्ही चार दिवसांनी नवा दाढीचा ब्रश आणलात आणि जुना माझ्या हातात दिलात. तोच हा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मिरकरवाड्याला, बंदरावर, एक मावशी मासे विकायला बसते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी तिच्याकडूनच घेते. दुसरीकडे भाव कमी असला तरी तिच्याकडचे मासे पुरतात, असा माझा अनुभव. महिन्याचा हिशोब मांडताना दरवेळी मनात यायचं, मावशीचा हात सैल आहे, जुन्या गिऱ्हाइकाला ओळखते. यंदा दसऱ्याला तिने काट्याची पूजा केली, त्याच्या कडेवरच नारळ फोडला, आणि काटा बंद पडला. आमच्या दुकानात घेऊन आली, मी मुलाचा डबा द्यायला तिथेच होते. "आपोआप बंद पडला गो वयनी. पूजा केली नि लगेच. देवीचं काय चुकलं माज्याकडून कळत नाय." वरची सरकारी तपासणीची मोहोरसुद्धा शिळी, कित्येक वर्षं तपासून घेतलेला नव्हता. मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला, "मावशी, काटा आहे की कालवण?"

घरी पडवीत मी तवा उचलला, म्हणजे ज्याच्यावर मासे ठेवतात ती ताटली, आणि बघत राहिले. खवलं होती, कोलंबीचे पाय होते, ते असणारच. पण ताटलीखाली, जिथे ती वजनाने दबायला हवी तिथे, जांभ्या दगडासारखा कडक थर बसला होता. ब्रशने निघेना, चमच्याच्या मागच्या बाजूने खरवडला तेव्हा कळलं. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. वर्षावर्षाच्या दसऱ्याच्या. पूजेचं काढून टाकायचं नाही म्हणून तिने ते तसंच राहू दिलं, नारळाच्या पाण्याने चिकटलं, माशाच्या पाण्याने भिजलं आणि दगड झालं. आतल्या तारांना, जुन्या तांब्याच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक आला होता. मुलाने दुकानासाठी फोटो काढून घेतला, हल्ली आधी-नंतरचे फोटो दाखवायची पद्धत आहे. मला मात्र त्या ढिगाचं काय करावं कळेना. घाण म्हणू की निर्माल्य? केरात टाकवेना, तुळशीत घालवेना. शेवटी माडाच्या आळ्यात पुरलं. माडाला दोन्ही चालतं.

काटा सुरू झाला. मुलाने वजनं लावून बघितली, नवी मोहोर मारून आणली, मावशी पेढे देऊन गेली. त्याच आठवड्यात जेवताना हे म्हणाले, "बांगड्याचे तुकडे मोजके केलेस आज." मी म्हटलं, किलोच आणलाय नेहमीसारखा. दोन दिवसांनी शेजारीण कुंपणापाशी आली. "तुमची ती मावशी बदलली हो. काटा मारायला लागली. एवढी वर्षं कधी केलं नव्हतं तिने." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो थर ताटली खाली दबू देत नव्हता. थोडं वजन स्वतःच उचलून धरत होता. मावशी किलो म्हणून देत होती ते किलोहून चांगलं जास्त होतं. तिचा हात सैल नव्हता, अण्णा. काटाच कमी दाखवत होता, आणि आम्ही सगळे ते वर्षानुवर्षं खात होतो. आता माप बरोबर झालं, तर ती चोर ठरली.

मी डबा घेऊन दुकानात गेले त्या दुपारी मावशी स्वतःच आली, काटा डोक्यावर घेऊन. डोळे लाल होते. "वयनी, तुमच्या पोराला सांगा, आधी होता तसा करून दे. लोक तोंडावर बोलतात. तो पेन्शनवाला काल काय म्हनला, मावशी, काटा दुरुस्त करून आनलास का शिकवून आनलास? माज्या सासूने ह्या जागेवर जन्म काढला. तिला असं कुनी बोललं नव्हतं." मुलगा म्हणाला, "मावशी, मोहोर मारलेला काटा मी चुकवून देऊ? तुम्ही आणि मी दोघं आत जाऊ." त्याने चहा मागवला. ती तो न पिता निघून गेली.

ती गेल्यावर मुलगा म्हणाला, "सोपं आहे आई. फोटो आहे माझ्याकडे. आज स्टेटसला टाकतो, उद्या सगळा बाजार बघेल. तिची अब्रू परत, आपली जाहिरात." खरंच सोपं होतं. त्या फोटोने ती चोर नाही हे सिद्ध झालं असतं, आणि तिच्या ताटलीखाली काय साचतं तेही. मासे विकणाऱ्या बाईच्या ताटलीखाली. मला फळ्याकडे वळलेली मास्तरांची पाठ दिसली. मी म्हटलं, फोटो मला पाठव आणि तुझ्याकडचा पुसून टाक. "आपण दुरुस्ती करतो आई, कुणाला काय वाटेल याची पंचायत नाही," तो म्हणाला. पण पुसला. हट्टी आहे, तरी ऐकतो. तुमच्यावर गेलाय.

गुरुवारी मी मिरकरवाड्याला गेले. गुरुवारी आमच्याकडे मासे नसतात, तिला ठाऊक आहे, म्हणून मला बघून तिला नवल वाटलं. गिऱ्हाईक कमी होतं. मी तिच्या शेजारी पाटावर बसले आणि फोनवरचा फोटो दाखवला. हा तुझा काटा, असा होता. तिने ओला अंगठा कुंकवाच्या लाल जागेवर टेकवला, फोटो पुढे सरकला, माझ्या देवघराचा फोटो आला, ती दचकली. मी पुन्हा मागे नेला. तिने पहिली गोष्ट विचारली ती ही, "हे फेकलंत काय?" मी म्हटलं, नाही, माडाच्या मुळाशी घातलं. तिचे खांदे सैल झाले. मग ती मनातल्या मनात काहीतरी मोजू लागली, बोटांच्या पेरांवर, आणि मध्येच थांबली. "जाऊ दे. गेलं ते लोकांच्या पोटात गेलं." मी तिला म्हटलं, "मावशी, हे सांगितलं तर तू चोर नाहीस हे कळेल. पण काट्याखाली काय होतं तेही कळेल. माझा मुलगा सांगणार नाही, मी सांगणार नाही. तू सांग म्हणालीस तरच." ती उठली, बादलीतलं पाणी काट्याच्या आजूबाजूला मारलं, नंतर माझ्याकडे बघून काट्यावर पडलेले थेंब पदराने टिपले. "बघते मी," एवढंच म्हणाली.

रविवारी बाजार भरलेला. मी पिशवी घेऊन रांगेत होते. माझ्यापुढे तोच पेन्शनवाला गृहस्थ. त्याने सुरमई निवडली आणि म्हणाला, "हळू ठेव गो, तुझा काटा हल्ली हुशार झालाय." मावशीने सुरमई बाजूला ठेवली. काट्याची ताटली उचलून सगळ्यांना खालची जागा दाखवली, स्वच्छ. "हुशार आत्ता झाला, भाऊ. आधी अडाणी होता, तुमचं घर भरत होता. माज्याच पूजेचं हळदकुंकू हितं खाली साचून दगड झाला होता. किलोचं माप तो कमी सांगत होता नि मी वरती घालत होते. हिशोब करा, किती वर्षं फुकट खाल्लंत." मग ती म्हणाली, "पूजा मी करायची, नारळ मी फोडायचा, नि देवी बाजू घेनार गिऱ्हाइकाची." मागून एक बाई हसली, मग सगळेच हसले. तो गृहस्थ जरा ओशाळून म्हणाला, "मग पुढच्या दसऱ्याला फोड परत नारळ काट्यावर." "फोडीन. तुमच्या पिशवीवर." तिने सुरमई काट्यावर ठेवली, आकडा त्याच्याकडे वळवला, त्याने न बघताच पैसे काढले.

मी मावशीला विचारलं तसं मास्तरांना कुणी आधी विचारलं असतं तर, असं मला तिथे उभ्या उभ्या वाटून गेलं. कदाचित त्यांनीही वर्गात स्वतःच सांगितलं असतं, की तुमचे पेपर उंदरांनी तपासले. कदाचित तेही हसले असते. ते दार मी आधीच उघडून टाकलं होतं.

माझी पाळी आली. मी किलोभर बांगडे घेतले. आकडा बरोबर. मावशीने वर एक घातला नाही, मी मागितला नाही. काटा मीच पुसलाय, मोहोर माझ्याच मुलाने आणली, देवाला स्मरून सांगते की माप चोख आहे. तरी घरी येताना पिशवी हलकी लागली आणि मला वाईट वाटलं. मावशीसाठी नाही, अण्णा. माझ्या पिशवीसाठी. दर रविवारी वाटतं. एवढी माळ ओढते, एवढे उपास करते, आणि फुकट येणारा एक बांगडा मनातून जात नाही.

हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीच म्हणाला होतात, ज्याची घाण त्याने ठरवावं. ब्रश सुकला असेल आता. डब्यात ठेवते, आणि हा कागदही त्याच्याखाली.