वडिवूने न थांबता वाचलेलं पान

तिरुवैयारू,
कार्तिगै महिना, सोमवार
सन १८९६

प्रिय चोक्कलिंगम,

कपाळाला भस्म लावून, गुरुजींचं नाव घेऊन लिहायला बसलोय. इथे सगळं बरं आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. कावेरीचं पाणी ओसरलं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, लिहितोय ते सवयीच्या हाताने. मद्रासला राहून तू चमच्याने जेवायला लागलास असं कुणीतरी सांगत होतं. खरं असेल तर गुरुजींच्या समाधीपुढे येऊन उठाबशा काढ.

गुरुजींच्या पेटीतल्या त्या जुन्या कवितांचं पुस्तक महिन्याभरात छापून होणार, हे शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं, आनंद झाला. त्यातल्या एका कवितेच्या शेवटच्या चार ओळी तू प्रस्तावनेत घेणार आहेस म्हणे. नवरा गाडी जुंपून निघून गेला. बायको रोज अंगण सारवते, पण चाकाची खूण उमटलीय तेवढा पट्टा सोडून. ‘दोन हजार वर्षांपूर्वीच्या पुरुषाला बाईचं मन इतकं कसं रे कळलं?’ असं तू विचारलंयस. तुझं पत्र मी चार दिवस उशाखाली ठेवलं होतं.

चोक्का, ते पुरुषाला कळलेलं नाही.

मठात आपण नकला कशा करायचो, आठव. एकाने जुनं पान मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नव्या ताडपत्रावर कोरायचं. किड्याने अक्षरं खाल्ली असतील तिथे वाचणाऱ्याने ‘तुटलं’ म्हणायचं आणि कोरणाऱ्याने तेवढी जागा मोकळी सोडायची. तिथे पदरचे शब्द घातले म्हणून गुरुजींनी एकाला मठातून हाकलून दिलं होतं. माझे डोळे अधू झाल्यापासून वाचायचं काम माझी लेक वडिवू करायची. कोरायला माझा हात अजून पुरेसा होता.

ती माहेरपणाला आलीय, असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. मूल होत नाही म्हणून जावई तिला माझ्या दारात उतरवून गाडी वळवून गेला. मग ती रोज सारवताना अंगणातला एक पट्टा सोडायची. मी ओरडायचो, “आळशी कुठली! तेवढं काय शेजारीण येऊन सारवणार?” ती खाली मान घालून पुढे सारवत राहायची.

त्या दिवशी ती ‘तुटलं’ म्हणालीच नाही. सलग चार ओळी म्हणाली आणि मी कोरल्या. कोरलेली अक्षरं दिसावीत म्हणून त्यांत काजळी भरताना तिनेच हसत सांगितलं, तिथलं पान किड्याने खाल्लंय, ओळी तिच्याच आहेत. मी भडकलो.

“अप्पा, तुमचा हात एकदा तरी अडखळला का?”

“पाप आहे हे, पोरी.”

“मग उद्या नवं पान घ्या. आजच्या दिवस राहू दे की.”

दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. आमच्या गल्लीत पटकी शिरली होती. तिसऱ्या दिवशी घाटावरून मी एकटा घरी आलो.

नवं पान मी घेतलंच नाही. तू प्रत मागितलीस तेव्हाही तेच पान तुला पाठवलं. माझी लेक त्या थोर कवींच्या पंगतीला बसेल असा लोभ सुटला मला. पण उद्या पोरं त्या ओळी पाठ करतील, त्या कुणा दुसऱ्याच्याच म्हणून. त्या कवीचं बोलणं तर किड्याने खाल्लंच, आणि माझ्या लेकीचं मी दुसऱ्याच्या नावावर केलं. हे मला सोसवत नाही रे.

सोबत जुनं फुटकं पान पाठवतोय, ताडून बघ. त्या चार ओळी काढून टाक. तिथे नुसते ठिपके छाप. मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

मी कोरलेलं पान मात्र परत हवं. तिचं माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. मऊ कापडात गुंडाळ. टपालाने धाडू नकोस, इकडे येणाऱ्या कुणा ओळखीच्या माणसाच्या हाती दे. ती एकटी येऊ नये.

वडिवूचा अप्पा,
अंबलवाणन