मोटेलच्या पाटीचा आकाशकंदील

लेस्टर, दिवाळी २००४

ती. अक्का, इथूनच वाकून नमस्कार.

अण्णांच्या आकाशकंदिलाच्या शेपट्यांची फडफड सकाळपासून कानात आहे. इथे कंदील मिळाला नाही, पण काळजी नको. हमरस्त्यावरचं जुनं मोटेल पाडत होते, त्याची पाटी मी मागून आणली. लाल बल्बांचा तारा, खाली इंग्रजीत ‘खोल्या आहेत’. अक्षरांचं वळण असं की कवितेसारखं मोठ्याने म्हणावंसं वाटतं!

अनुपने दारावर लावून दिली. सूनबाई म्हणाली, “बाबा, लोक हसले तर उद्याच भंगारात!” सकाळपासून जीव टांगणीला आहे.

तुझे गुडघे कसे आहेत?

बेल वाजली. सूनबाईनेच दार उघडलं. सुटकेस घेतलेली एक गोरी आजी विचारतेय, “आजच्यापुरती खोली मिळेल?”

तुझा, तूर्तास आतच बसलेला,
कमलाकर