दुसरं मत

२० ऑक्टोबर १९०६
गव्हर्नर बार्कलो आज आगगाडीच्या मागच्या दारात उभा राहून मतं मागून गेला. संपात आमच्या खाणीवर सैन्य धाडणारा हाच, माझ्या भावाला, अमोसला, तुरुंगात टाकणारा हाच — आणि हात पुढे करतो! मी मिळवला. अमोसचं नाव सांगितलं. हळूच म्हणाला, “पुन्हा निवडून आलो तर सोडीन त्याला, बाई.”

विरोधी उमेदवार तर कैद्यांचा विषयच काढत नाही. माझा नवरा जोएल जवळच होता, पण पाठ फिरवून. बार्कलोचं तोंड पाहायचं नाही म्हणे. त्याने ऐकलं असेल का? विचारायची छाती झाली नाही.

२७ ऑक्टोबर
जोएलने लुडविग गुत्तेवाल्याशी पैज मारली. बार्कलो पडला तर लुडविगने जोएलला एकचाकी ढकलगाडीतून गावभर फिरवायचं. निवडून आला तर जोएलने लुडविगला. लुडविग केवढा धिप्पाड! पण आमच्या वस्तीत बार्कलो पडणार याबद्दल कुणालाच शंका नाही.

४ नोव्हेंबर, रविवार
चर्चहून आले तर जोएल ढकलगाडीच्या चाकाला वंगण घालतोय. जिंकायची एवढी खात्री, मग हे कशाला? “गंजलं होतं,” म्हणाला.

६ नोव्हेंबर
मत दिलं. अमेरिकेत मोजक्याच राज्यांत बायकांना मत, त्यातलं आमचं एक. पडद्याआड बार्कलोच्या नावापुढे खूण केली. लाज वाटते. पण अमोस यायला हवा.

८ नोव्हेंबर
बार्कलो आला! राज्यात निसटता, आमच्या वस्तीत फक्त दोन मतं. गावभर शोध चाललाय — ते दोन फितूर कोण?

एक मी. दुसरं कोण? लुडविग नव्हे, तो अजून जर्मनीचाच, त्याला मत नाही. शाळेच्या बाईंना आडून विचारलं, तर त्यांनी माझ्याकडेच रोखून पाहिलं. तडक घरी आले. चैन मात्र पडत नाही.

१० नोव्हेंबर
जोएल ढकलतोय, लुडविग वर बसून टोपी हलवतोय. चढावर लोकांनी बटाट्याची सालं फेकली. तळहाताला फोड आले, तरी जोएल शीळ घालत होता. हरलेला माणूस?

२९ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
अमोस घरी! फार वाळलाय. सुटकेच्या कागदावर बार्कलोची सही, तरी टर्कीला हात लावायच्या आधी विचारतो, “त्या सैतानाला इथून मत देणारे दोघे हलकट कोण?”

“बटाटे घे,” जोएल म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो आधीपासूनच माझ्याकडे पाहत होता.