गळ्यासाठी ज्येष्ठमध

२८ सप्टेंबर
आनंद! द्वारकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी पहाटेत यंदा भैरवी मी म्हणणार. इतकी वर्षं गुणवंतच म्हणायचा. कमिटीत भांडून मिळवली. दिल्लीची हवा गळ्याची वाट लावते, म्हणून आजपासून ज्येष्ठमध. आयुर्वेदिक. साइड इफेक्ट शून्य.

४ ऑक्टोबर
दिवसभर दाढेखाली काडी. गळा लोण्यासारखा. ऑफिसात साहेबांनी विचारलं, दातुन अभी तक चल रहा है? कलाकाराला हे सोसावंच लागतं.

९ ऑक्टोबर, सकाळी
डोकं जड. बायकोने, कुमुदने, बीपीचं मशीन लावलं. १६८/१०२. मशीन बिघडलंय. तिने स्वतःला लावलं तर १२०/८०. पक्षपाती मशीन.

१० ऑक्टोबर
मीठ बंद. लोणचं, पापड, टीव्हीवरच्या चर्चा, सगळं बंद. घरच्यांनीही साथ द्यावी असं सुचवलं. लेकीने, केतकीने, पिझ्झा मागवला. ही आजची पिढी!
अळणी भेंडीने तोंडाची चव गेली. म्हणून ज्येष्ठमध दुप्पट केला. तेवढाच गोडवा.

१४ ऑक्टोबर
१७६! मीठ सोडून वाढतं? मेडिकल सायन्सचाच घोळ आहे.
पाय सुजले, नवे बूट चढत नाहीत. सेलचा माल, दुसरं काय. जिना चढताना पाय गळतात, तो रियाझाचा थकवा. गुणवंतने फोन करून तब्येत विचारली. भैरवीवर डोळा आहे. माझं बीपी त्याच्यामुळेच चढतं.

१८ ऑक्टोबर
कुमुदने डॉक्टरांकडे ओढत नेलं. बाईंनी विचारलं, कोई जड़ी-बूटी लेते हैं? मी खिशातून काडी काढून त्यांनाही देऊ केली. त्या म्हणाल्या, भाईसाहब, यही तो है! मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध, रोज अशी चघळली की अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं.
म्हणजे इतके दिवस मी ताटातलं मीठ सोडून अंगात साठवत होतो. भेंडी फुकट गेली.
ज्येष्ठमध बंद, बीपी उतरेपर्यंत गाणंही बंद. श्रोत्यांत बसायची परवानगी आहे. फार वाईट वाटलं.

२० ऑक्टोबर
भैरवी गुणवंतने म्हटली. चांगली म्हटली, मेल्याने. गळ्यासाठी काय घेतोस, विचारलं. म्हणाला, काही नाही यार, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.

९ नोव्हेंबर
१२६/८०. सूज गेली. बूट मापाचेच होते.
भीत भीत कुमुदला विचारलं, ज्येष्ठमध सोडल्यापासून माझा आवाज बिघडला का गं? ती म्हणाली, छे हो, अगदी पूर्वीसारखाच आहे. घेत होता तेव्हाही असाच होता.
पुढल्या वर्षी निवेदन करावं म्हणतो.