एकदाच विचारतात

रविवार, १४ जुलै

हरलो नाही, एवढंच! इंग्लंडशी बरोबरी, शून्य-शून्य. पोरी मैदानावर अशा नाचत होत्या की जणू कप मिळाला. मी आपली सामान आवरत होते. घामट मोजे, बर्फाच्या पिशव्या, कुणाची तरी एकच चप्पल. युरोपातल्या आठ देशांच्या एकोणीस वर्षांखालच्या मुली आमच्या कुओपिओत फुटबॉल खेळायला आल्यात, आणि पेपरवाले लिहितात, 'फिनलंडच्या मुलींचा ऐतिहासिक उन्हाळा'. असेल बाई. माझ्यासाठी हा उन्हाळा म्हणजे वीस पोरींचे पाय. सकाळी चोळा, दुपारी पट्ट्या बांधा, संध्याकाळी पट्ट्या सोडा, परत चोळा.

ही माझी शेवटची स्पर्धा. तसं कळवून टाकलंय. वय सत्तावन्न, आता पुरे झालं. दुसऱ्यांचे सांधे सांभाळता सांभाळता माझ्याच अंगठ्याचा सांधा निकामी झालाय. नवऱ्याला, एरोला, फोन केला. तो तिकडे कॉटेजवर एकटाच छपराला डांबर फासतोय. "अंगठा कसाय?" म्हणाला. म्हटलं, काही नाही.

बुधवार, १७ जुलै

नॉर्वेला हरवलं. २-१. डास चावून चावून खाऊन टाकताहेत.

शनिवार, २० जुलै

आजही जिंकलो आणि चक्क उपांत्य फेरीत पोचलो! आपल्या देशात हे आजवर कुणी केलं नाही म्हणे. हॉटेलच्या बाईने आनंदाने सगळ्यांना नवे बटाटे वाढले, वर शेपू आणि लोण्याचा गोळा. पोरींनी पातेलं पुसून खाल्लं. मी सूप घेतलं आणि खोलीत येऊन पडले.

दोन्ही गोल लूमीचे. लूमी आमची कप्तान, वय अठरा, गाव पार वर लॅपलंडमधलं. तिकडे मैदान वर्षातले निम्मे महिने बर्फाखाली असतं, तरी ही पोरगी बॉल असा पळवते की बघत राहावं. स्वीडनचा एक क्लब तिच्या मागे आहे. त्यांचा माणूस प्रत्येक सामन्याला येऊन बसतो, हातात कॉफी, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. स्पर्धा संपली की करार.

सामन्यानंतर तिच्या पोटऱ्या चोळत होते. उजव्या गुडघ्याकडे हात गेला तशी ती झटकन उठून बसली. "झालं सिरक्कू, बास. हेल्मीचा नंबर आहे." गेली. हेल्मी तिची खोलीतली मैत्रीण, बचावाला खेळते. ती आली आणि आडवी पडल्या पडल्या झोपलीसुद्धा. मला कुणी असं झोपवेल का!

सोमवार, २२ जुलै

आज सुट्टी होती. दुपारी तळ्याकाठच्या सॉनात सगळ्या गेलो. लाकडाची भट्टी, बाहेर लाकडी धक्का, पाणी गार. आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्या कमरेला बरं वाटलं.

लूमी कायम सगळ्यात वरच्या पायरीवर बसते, तिथे कान भाजतात. आणि खाली बसणाऱ्यांना वरून चिडवते, "ए, खाली कोण कोण आहे? स्वीडनच्या पाहुण्या काय?" आज ती दाराजवळच्या खालच्या पायरीवर होती. इरिसने, आमच्या गोलकीपरने, तापल्या दगडांवर पहिलं पाणी टाकलं आणि वाफ उठली, तशी लूमी बाहेर. "पोट दुखतंय." कुणी मानसुद्धा वर केली नाही. फिनलंडची मुलगी पहिल्या वाफेला सॉनातून उठून जाते आणि एकीलाही काही वाटू नये!

मला वाटलं. दुखावलेल्या सांध्याला वाफ लागली की तो फुगतो, हे शिकायला शाळेत जावं लागत नाही.

टॉवेल गुंडाळून बाहेर आले. ती धक्क्याच्या टोकाला, उजवा पाय मांडीपर्यंत पाण्यात सोडून.

"गुडघा?"

"काही नाही."

मी शेजारी बसले. तळ्यात हात घालून गुडघ्याला हात लावला. एवढ्या गार पाण्यात गुडघा गरम! वाटीच्या वर बोट दाबलं तर आत पाणी हललं. तिने ओठ घट्ट मिटले.

"हे काही नाही?"

तिने पलीकडच्या काठाकडे तोंड फिरवलं. म्हणाली, "कोचला सांगू नकोस."

"का?"

"गुडघा म्हटलं की स्वीडनवाला कॉफी टाकून उठून जाईल. आणि मी कप्तान आहे, सिरक्कू. मी दुखतंय म्हटलं तर बाकीच्यांनी काय करायचं? दोनच तर सामने राहिलेत."

"आणि हा गुडघा पुरता फाटला तर? मग स्वीडनही नाही आणि तुझं गावचं मैदानही नाही. कायमचं."

"फाटायचा नाही."

राग आला मला तिचा. मग लगेच वाईट वाटलं. अठरा वर्षांची पोर, ओले केस, दात वाजताहेत आणि गप्पा कप्तानकीच्या! मी वचन दिलं नाही. टॉवेल तेवढा तिच्या खांद्यावर टाकला आणि आत आले. आत पोरी गाणी म्हणत होत्या. हेल्मी वाफ नको नको म्हणत भिंतीला पाठ लावून एक हात पोटाशी धरून बसलेली. इरिस एकाच हाताने पाणी ओतत होती, ऐटीत. पोरींच्या तऱ्हा! मला हसायला आलं.

मंगळवार, २३ जुलै

तैनाला सांगितलं. नाश्त्याच्या आधीच, कॉफीच्या यंत्रापाशी. तैना आमची कोच, एकेचाळिसची, स्वतः देशासाठी खेळलेली. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, जिना खेकड्यासारखी तिरकी उतरते. म्हटलं, हिला तरी कळेल.

ऐकून घेतलं. मान हलवली. म्हणाली, "बघते." माझा जीव भांड्यात पडला.

आणि तिने 'बघितलं' कसं? दुपारच्या बैठकीत, सगळ्या पोरींच्या देखत, "लूमी, गुडघा कसाय?"

"काही नाही."

"ठीक. अजून कुणाला काही सांगायचंय? विचारायचंय?" एकही हात वर झाला नाही. "छान. मग उद्या हाच संघ."

संपलं! बाहेर गाठलं तिला. "अगं, सगळ्यांसमोर विचारल्यावर ती दुसरं काय म्हणणार? परत विचार तिला. एकटीला घेऊन बस."

तैना माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिला चोरी करायला सांगतेय. "मी विचारलं, तिने उत्तर दिलं. आता परत विचारू? ती खोटं बोलते असं तोंडावर म्हणू? कप्तानाला?"

आमच्यात एकदाच विचारतात. माझी आई गेली तेव्हा शेजारीण म्हणाली, "सिरक्कू, काही हवंय?" मी नाही म्हटलं. तिने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मी त्या बाईला आजही भलं माणूस समजते. समोरच्याच्या शब्दाला मान द्यायचा. चांगलीच रीत आहे. फक्त गुडघ्याला ती कळत नाही.

बुधवार, २४ जुलै

अंतिम फेरीत! डच मुलींना पेनल्टीवर हरवलं. सगळं गाव रस्त्यावर उतरलंय, गाड्यांचे भोंगे थांबत नाहीत. अनोळखी बाप्याने मला मिठी मारली! आमच्या देशात!

मला मात्र बसवत नव्हतं. सकाळी गुडघा मीच बांधला. लूमी माझ्याकडे बघत नव्हती. तैनाला सांगितलं म्हणून रुसलेली. बांधला, कारण खेळणारच आहे तर निदान नीट बांधलेला असावा. जादा वेळेत तर ती पाय ओढत होती आणि प्रेक्षक म्हणत होते, "बिचारी दमली."

शेवटची पेनल्टी तिची. डाव्या पायाने मारली. डाव्या! उजव्या पायाची पोरगी! गोलकीपर भलतीकडे पडली, बॉल जाळ्यात. टीव्हीवरचा माणूस ओरडत होता, काय डोकं, काय चलाखी! चलाखी कसली? उजव्याने मारायला डाव्यावर उभं राहता येतं, पण उजवा गुडघा उचलवतच नव्हता तिला. सगळ्या तिच्या अंगावर पडल्या. त्या ढिगाऱ्याखालून लूमी निघाली ती हसत, पण चेहरा पांढराफटक.

आत आल्यावर बूट निघेना. कात्रीने लेस कापली.

गुरुवार, २५ जुलै

डॉक्टरने सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं. पाणी कुठलं, लाल होतं. मी बघितलं, त्यानेही बघितलं. आत काहीतरी फाटल्याशिवाय रक्त येत नाही. "फोटो स्पर्धेनंतर काढू," म्हणाला. "ती खेळू शकते म्हणते. मोठी आहे." तो सामन्यापुरता येणारा पाहुणा. कुणी कितीही मोठं झालं तरी अठरा म्हणजे अठराच ना!

मग मी आणि तैना. कपडे वाळत घातलेल्या खोलीत, दार लावून. बावीस वर्षं हे काम करतेय, कोचवर कधी आवाज चढवला नव्हता.

"मी परवा तिला बांधणार नाही."

"नको बांधूस. मी बांधते."

"तैना, फाटलाय तो. आता जे उरलंय तेही जाईल. आयुष्यभर लंगडेल पोर."

"मला असंच प्रत्येक वेळी कुणी अडवलं असतं तर मी एकही सामना खेळले नसते."

"तुला एकदा जरी कुणी अडवलं असतं ना, तर आज जिना सरळ उतरली असतीस!"

बोलले ते बोलले. ती अगदी हळू आवाजात, "तुला जायचं असेल तर जा, सिरक्कू."

"ती खेळली तर मी जाते."

"मग जा."

सामान भरायला कितीसा वेळ लागतो? जाताना लूमीच्या दारावर टकटक केलं. हेल्मीने उघडलं, म्हणाली झोपलीय. झोपली नव्हती, पडद्याजवळ पाय दिसत होता. "तिला सांग," मी म्हटलं, आणि पुढे काय सांगायचं ते सुचेचना. हेल्मी थांबली होती, काहीतरी बोलायचं असल्यासारखी. "तुला काय?" मी विचारलं. "काही नाही," म्हणाली. मी पण निघालेच. थकले होते फार.

शुक्रवार, २६ जुलै

कॉटेजवर. एरो स्टेशनवर घ्यायला आला होता. "काय झालं?" म्हणाला. "काही नाही." त्याने बॅग डिकीत टाकली, गाडी सुरू केली. तासाभराच्या वाटेत हवामान आणि डांबर.

दिवसभर पडून होते. रेडिओवर सारखं उद्याचंच. स्पेनविरुद्ध आमच्या मुली, तिकिटं संपली, लूमी शंभर टक्के तंदुरुस्त असल्याचं कोचने सांगितलं. शंभर टक्के! रेडिओ बंद केला. एरोने भाजलेला मासा समोर ठेवला, राईची भाकरी ठेवली. मी ताट सरकवलं. त्याने ते उचलून ठेवलं. पहिल्यांदाच मला वाटलं, बोल ना रे बाबा. परत विचार ना! एकदा नाही म्हटलं म्हणून काय झालं? मग मलाच रडू फुटलं आणि तो बावरून छपरावर चढला.

मी बरोबर केलं का? पळून आले का? बांधायला मी असते तर पट्टी तरी घट्ट बसली असती. तैनाला पट्ट्या बांधायची सवय नाही. पण मी बांधला असता तर त्या गुडघ्यावर माझीही सही झाली असती. दोन्हीकडून फास. माझ्यानं आता विचारही होत नाही.

शनिवार, २७ जुलै

दुपारी तैनाचा फोन. तिचा आवाज ओळखू येईना.

बैठक झाली म्हणाली. रोजच्यासारखं विचारलं, कुणाला काही सांगायचंय? लूमी उठली. खुर्चीला धरून. "माझा गुडघा गेलाय. जूनपासून. मी तुझ्याशी खोटं बोलले. मी आज खेळत नाही." मग खाली बसली आणि सगळ्यांसमोर रडली.

मग हेल्मी उठली. खांदा, नॉर्वेच्या सामन्यापासून निखळतो, रात्री लूमी तो जागेवर बसवते. मग इरिस. हाताची दोन बोटं मोडलेली, पहिल्याच दिवशी. मग एक, मग अजून एक. थांबेचनात.

"किती जणी?" मी विचारलं.

"नऊ." ती हसत होती की रडत होती, देव जाणे. "सिरक्कू, मला अकरा जणी उभ्या करायच्यात आणि कोण खरंच धावू शकतं हे मला ठाऊक नाही. ये ना. मी परत विचारते, ये ना."

एरोने गाडी काढलीय. हे गाडीतच लिहितेय, अक्षर हलतंय. पंधरा दिवस त्या पोरी रोज माझ्याच हाताखालून गेल्या. मला एकच गुडघा दिसला.