हिला झेपेल असा लॅपटॉप

४ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून घरात लॅपटॉपचं खातं माझ्याकडे. नऊ वर्षांनी ही पुन्हा नोकरी धरते आहे. सोमवारी, २४ तारखेला सकाळी दहाला पहिली मीटिंग, घरूनच. रोजचं ऑफिसचं काम : पत्रं, तक्ते, व्हिडिओवरच्या मीटिंगा. मेव्हणा म्हणाला, त्यात काय, दुकानात जा, वीस मिनिटांत होईल. मी नुसता हसलो. अशाच गिऱ्हाइकांमुळे दुकानदारांचं फावतं.
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून अभ्यास. रविवारी निर्णय.

५ फेब्रुवारी
गजर झाला नाही. झाला होता, असं ही म्हणते. वाद घातला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
निर्णय नाही. घाईने घेतला तो निर्णय कसला? त्याऐवजी तक्ता केला. वजन, स्पीड, बॅटरी, आवाज. शेवटचा रकाना हा माझा स्वतःचा शोध : ‘हिला झेपेल का?’ गुण दहापैकी. आतापर्यंत सगळ्यांना तीन. नऊ वर्षांचा खंड पडलाय, घरात कुणीतरी वास्तवाला धरून बोलायला हवं.
आमच्या जुन्या काळ्या लॅपटॉपवर तक्ता करणं म्हणजे शिक्षा. झाकण उभं राहत नाही, मागे साखरेचा डबा टेकवावा लागतो. एंटरचं बटण निखळलंय, तिथे पेनचं टोपण खुपसतो. पंखा असा घरघरतो की लेक तिच्या खोलीचं दार लावून घेते.

११ फेब्रुवारी
हिला घेऊन दुकानात. दुकानदाराने विचारलं, काम काय? सांगितलं, रोजचं ऑफिसचं. त्याने लगेच एक काळा लॅपटॉप पुढे केला. इतक्या चटकन काढला म्हणजे खपत नसणार. हिने त्यावर चार ओळी टाइप केल्या नि म्हणाली, अहो, हा बरा आहे, बटणं मऊ आहेत. बटणांच्या मऊपणावरून लॅपटॉप! मी दुकानदाराला प्रोसेसरबद्दल एक खोल प्रश्न विचारला. त्याने उत्तर दिलं. मी मान डोलावली. उत्तर समजलं असतं तर पुढचाही विचारला असता.
घरी येईपर्यंत ही गप्प. पटलं असावं.

१३ फेब्रुवारी
जुना लॅपटॉप उलटा करून त्याच्या जाळ्या टूथब्रशने घासल्या. अशा वेळी मेव्हण्यासारखे लोक दुकानात पळतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार
कमाल! लॅपटॉप नुसता पळतोय. पंखा चिडीचूप. झाकण आपलं आपण उभं राहतं, साखरेचा डबा स्वयंपाकघरात परत गेला. एंटरचं बटणही जागेवर आहे. लेकीने बसवलं असणार, माझं बघून शिकते. तिला टूथब्रशची पद्धत समजावून सांगितली तर असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.
संध्याकाळी मेव्हणा आला. म्हणाला, वा भावोजी, अगदी नवा दिसतोय. त्यालाही एक टूथब्रश दिला.

१९ फेब्रुवारी
तक्त्यात एकतीस लॅपटॉप झाले. ही आता विचारतही नाही. याला म्हणतात विश्वास. जुन्यावरच दिवसभर सराव करते. काल आरशासमोर उभी राहून हळूच ‘नमस्कार, मी आजच रुजू झाले’ म्हणत होती. मला बघितलं नि केस नीट करायला लागली. घाबरलीये. मला फार वाईट वाटलं. हिची पहिली मीटिंग झकास व्हायला हवी. म्हणजे लॅपटॉप झकास हवा. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर.

२३ फेब्रुवारी, रविवार
निर्णय झाला! योगायोगाने दुकानातला तो पहिलाच निघाला. पण हिला तो बटणांमुळे आवडला होता, मला अभ्यासाअंती.
उद्याचा बेत : ही अंघोळीला गेली की जुना पिशवीत घालायचा, एक्स्चेंज करायचा, दहाच्या आत नवा टेबलावर. तोंडात बोट घालेल.

२४ फेब्रुवारी, दुपार
दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर. दुकानदाराला म्हटलं, हा घ्या, नि त्या दिवशीचा पहिला काळा द्या. त्याने माझा उलटसुलट केला. म्हणाला, साहेब, हा तोच आहे. मी म्हटलं, असं वाटतं खरं, मी टूथब्रशने साफ केलाय. त्याने झाकणावरचं पातळ प्लॅस्टिक टर्रकन सोलून काढलं. म्हणाला, बाई चौदा तारखेला घेऊन गेल्या, सोबत त्यांचा भाऊ होता. वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत.
तेवढ्यात हिचा फोन. अहो, माझा लॅपटॉप कुठे आहे?
‘माझा’ म्हणाली.
धावलो. चप्पल तुटली, ती हातात घेऊन धावलो. दहा वाजून गेले होते. ही दारातच उभी, डोळ्यांत पाणी. पिशवी ओढून घेतली, टेबलाशी बसली. मी तिथेच जमिनीवर, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा, धापा टाकत. लेक कानाशी लागून म्हणाली, तुमच्या फायली मीच यावर आणल्या, बाबा, जुना माळ्यावर आहे.
मीटिंगमध्ये हिला स्क्रीन दाखवायला सांगितली. तक्ता मी रात्री उघडाच ठेवला होता. हिच्या वरिष्ठ बाईंनी मोठ्याने वाचलं, हिला झेपेल का? मग विचारलं, हिला म्हणजे कुणाला? ही म्हणाली, मला. आमच्याकडे एक तज्ज्ञ आहेत. सगळे खो खो हसले. मग हिने तक्ता बंद केला नि अर्धा तास असं काही बोलली की मधे कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. मला स्वतःची लाज वाटली.

२४ फेब्रुवारी, रात्र
तक्ता पुसून टाकायला बसलो. तळाशी बत्तिसावी ओळ. हिने भरलेली.
नाव : नवरा. वजन : वाढतंय. बॅटरी : जेवणानंतर संपते. आवाज : फार. स्पीड : दोन. एक्स्चेंज : दुकानात विचारलं, घेत नाहीत. हिला झेपेल का? दहापैकी दहा.
तक्ता पुसला नाही.
स्पीडला दोन मात्र फार कमी आहेत. उद्या पहाटे पाचला उठून हिच्याशी बोलतो.